नाक धावतं, दुकान चालतं

मुलांनो, इंग्रजीतला सोप्यातला सोपा शब्द सांगा पाहू! कॅट? बॅट? ठीक आहे. पण त्याच रांगेत आणखी एक शब्द बसलेला असतो, तो म्हणजे रन. तीन अक्षरांचा, जोडाक्षर नाही, उच्चाराची भानगड नाही. बाई विचारतात, "रन म्हणजे?" अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, "धावणे!" फळ्यावर अर्थ लिहिला जातो, वहीत उतरतो आणि बाई पुढच्या शब्दाकडे वळतात.

आता ऐका. इंग्रजीचा सगळ्यात मोठा शब्दकोश म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. त्या कोशाच्या संपादकांनी २०११ च्या सुमारास या रनचं काम नव्याने हाती घेतलं आणि त्याचे अर्थ मोजले. नुसत्या क्रियापदाचेच किती निघाले असतील? दहा? वीस? पन्नास म्हणालात तरी फार लांब आहात. सहाशे पंचेचाळीस! पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांना या एका शब्दासाठी नऊ महिन्यांहून थोडा अधिक काळ लागला. बाकी काही नाही, फक्त रन, रन आणि रन.

आणि आपण तो "धावणे" म्हणून एका ओळीत संपवतो.

त्यामुळे होतं काय, ते आमच्या शेजारच्या सातवीतल्या मुलीचं बघा. तिला भाषांतराला वाक्य होतं, "माय अंकल रन्स अ हॉटेल इन नाशिक." तिने लिहिलं, "माझे काका नाशिकमध्ये एक हॉटेल धावतात." घरात हशा पिकला. धाकट्या भावाने तर काकांची हॉटेलसकट धावण्याची नक्कल करून दाखवली! तिने वही मिटली आणि त्यानंतर कितीतरी दिवस इंग्रजीचा अभ्यास मोठ्यांसमोर काढलाच नाही. आता सांगा, तिचं काय चुकलं होतं? तिला जो एक अर्थ शिकवला होता, तो तिने इमानदारीने वापरला. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. म्हणजे सातवीपर्यंत सहा वर्षं रन तिच्या ओळखीचा होता, पण त्याची एकच बाजू तिला कुणी दाखवली होती.

तेव्हा आज आपण या रनरावांच्या पाठीमागे थोडं धावू या. दमलात तर वाटेत बसायला मराठीची सावली आहेच.

पाण्यासारखा शब्द

रन हा इंग्रजीतला फार जुना शब्द. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही तो होता, थोड्या वेगळ्या रूपात. तेव्हापासूनच त्याचे दोन मोठे अर्थ दिसतात. माणूस किंवा जनावर पाय उचलून धावतं तो एक, आणि पाणी वाहतं तो दुसरा. इंग्रजीची चुलत बहीण म्हणजे जर्मन भाषा. तिने या दोन अर्थांसाठी दोन वेगळे शब्द ठेवले आहेत. धावणं म्हणजे रेनेन आणि वाहणं म्हणजे रिनेन. इंग्रजीने दोन्ही कामं एकट्या रनवर टाकली.

हा पाण्याचा अर्थ एकदा लक्षात आला ना, की निम्मी कुलपं उघडतात. द रिव्हर रन्स, म्हणजे नदी वाहते. नळ सोडला, द टॅप इज रनिंग. सर्दी झाली, माय नोज इज रनिंग. तुमचं नाक चेहरा सोडून कुठेही धावत नाही, फक्त वाहतं! (इंग्रज मुलांमध्ये यावरून एक जुना विनोद आहे. माणूस उलटा बनवला आहे की काय, कारण त्याचं नाक धावतं आणि पाय वास घेतात! वास घेणे आणि वास मारणे या दोन्हींना तिकडे स्मेल हा एकच शब्द आहे. पायमोजे न धुणाऱ्यांना विनोद लगेच कळेल.)

आईने नवा लाल कुर्ता पांढऱ्या कपड्यांबरोबर भिजवला आणि सगळ्या बनियन गुलाबी झाल्या, तर द कलर हॅज रन. आपण म्हणतो रंग गेला. इंग्रज म्हणतो रंग वाहिला. विचार केला तर दोघांचंही बरोबर आहे. कुर्त्यावरून तो गेला आणि बनियनकडे वाहत आला.

आता वाळूचं घड्याळ डोळ्यांसमोर आणा. वरच्या भांड्यातली वाळू खाली वाहते आहे. सगळी वाहून गेली की वरचं भांडं रिकामं. आता "टाइम इज रनिंग आउट" हे वाक्य घोकून पाठ करायची गरज राहिली का? वेळ संपत आली, एवढंच. आणि ज्याप्रमाणे वेळ, त्याचप्रमाणे दूध, साखर, गॅस, पैसे. वुई हॅव रन आउट ऑफ शुगर, म्हणजे साखर संपली. शेजारून वाटीभर आणावी लागणार.

पण थांबा! रन आउट म्हटल्यावर तुम्हांला काय आठवलं ते मला ठाऊक आहे.

धावा, पण धावायचं नाही

क्रिकेटमधला रन हा मुळात खरोखरचा धावण्याचाच. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळालं की एक. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये हा हिशेब कागदावर नव्हे, काठीवर ठेवत. गुण लिहिणारा माणूस चाकू घेऊन बसायचा आणि प्रत्येक धावेला काठीवर एक खाच पाडायचा. त्यामुळे धावेला त्या काळी नॉच म्हणजे खाचच म्हणत. म्हणजे फलंदाज शतक ठोकायचा आणि काठीचा जीव जायचा!

पुढे सीमारेषा आली. चेंडू तिच्यापार गेला की न धावता चार, आणि थेट उडून गेला की सहा. आता इथे शब्दाची गंमत बघा. फलंदाज जागचा हललेला नाही, बॅटवर टेकून उभा आहे, तरी त्याच्या नावावर रन्स लागल्या. गोलंदाजाने चेंडू वाइड टाकला, कुणीच धावलं नाही, तरी एक रन. शब्द तोच राहिला आणि त्याच्यातलं धावणं निघून गेलं. साल काढलेल्या फळासारखं.

सचिन तेंडुलकरच्या कसोटी क्रिकेटमधल्या धावा १५,९२१. त्यात चौकार दोन हजारांहून अधिक. करा गुणाकार. नुसत्या चौकारांच्याच आठ हजारांवर जातात, षटकार वेगळे. म्हणजे निम्म्याहून जास्त "धावा" या जवळजवळ न धावता काढलेल्या!

आपल्याकडे हा खेळ आला तेव्हा मराठीने रनचं सरळ धाव करून टाकलं. रन आउटचं धावचीत. हा धावचीत शब्द मला फार आवडतो. कारण त्यातली चीत ही आपल्या कुस्तीच्या आखाड्यातली. पाठ जमिनीला टेकली की पैलवान चीत. इंग्रजांचा खेळ आणि आपली तांबडी माती एका शब्दात येऊन बसली. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी असे मराठी शब्द रेडिओवरून घराघरांत पोचवले. आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या कानांत तो आवाज अजून असेल.

आणि आपली धाव तरी काय साधी आहे? क्रिकेट येण्याच्या कितीतरी आधीपासून तिची आपली अशी कामं चालू होती. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची पट्टी तापवून चढवत, तिला म्हणतात धाव. विहिरीवर मोट असे, तेव्हा बैल ज्या उतरत्या वाटेने मोट ओढत खाली जायचे, त्या वाटेलाही धाव. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, इथे धाव म्हणजे पोच, मजल. संकटात देवाचा करतात तो धावा.

आता मोटेची धाव आणि इंग्रजी रन शेजारी ठेवून पाहा. कोंबड्यांना फिरायला जाळी लावून जागा करतात, तिला इंग्रजीत म्हणतात चिकन रन. बर्फावरून घसरत येण्याच्या उतरत्या वाटेला स्की रन. धावण्याच्या क्रियेवरून धावण्याच्या जागेला नाव पडलं. विहिरीवरच्या शेतकऱ्याने जे केलं, नेमकं तेच इंग्रजानेही केलं. दोघांची भेट झाली नव्हती बरं का!

ते धावतात, आपण चालतो

आता काकांच्या हॉटेलकडे येऊ.

खाली काही वाक्यं मराठीत देतो, ती मोठ्याने वाचा. दुकान चालतं. घड्याळ चालतं. यंत्र चालतं. रविवारी बस चालत नाही. सिनेमा पंचवीस आठवडे चालला. काका हॉटेल चालवतात. मंत्री सरकार चालवतात, निदान तसं म्हणतात तरी.

या प्रत्येक वाक्याचं इंग्रजी केलंत, तर जिथे जिथे "चालणे" आहे, तिथे तिथे रन बसतो. अगदी नीट बसतो! द शॉप रन्स, द क्लॉक रन्स, द बस डझन्ट रन ऑन संडेज. म्हणजे आपण जिथे चालतो, तिथे इंग्रज धावतो. त्याचं दुकान धावतं, आपलं चालतं. काम तेच, वेग वेगळा.

यात इंग्रज जास्त कामसू आणि आपण आळशी, असं मात्र कुणी म्हणू नका. कारण फ्रेंच माणसाचं यंत्रसुद्धा चालतंच. त्यांच्याकडे मार्शे म्हणजे पायी चालणं, आणि यंत्र नीट काम करतं हे सांगायलाही तोच शब्द. जर्मनांचं यंत्र मात्र धावतं. कोणत्या भाषेने पाय किती उचलायचा हे ज्याचं त्याने ठरवलेलं आहे.

यंत्रांवरून आठवलं. रनच्या अर्थांची संख्या एवढी का फुगली, याचं एक कारण यंत्रंच आहेत, असं सांगतात. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनने इंग्रजीचा मोठा कोश छापला, तेव्हा त्यात सगळ्यात लांबलचक जागा अडवून बसलेल्या शब्दांत टेक होता, अर्थ १३४. १९८९ साली ऑक्सफर्डच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. त्यात पहिला नंबर सेटचा, चारशे तीसच्या वर अर्थ, आणि ते समजावून सांगायला सुमारे साठ हजार शब्द खर्ची पडले. एक छोटी कादंबरीच झाली की! आणि त्यानंतरच्या मोजणीत रनने सेटला मागे टाकलं. दरम्यानच्या काळात गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या, मोटारी आल्या, शेवटी कॉम्प्युटर आला. इंग्रजाने प्रत्येक नव्या गोष्टीला तेच जुनं क्रियापद लावलं. इंजिन रन करतं, गाडी डिझेलवर रन करते, कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम रन करायचा. नवं यंत्र आणलं की त्याच्यासाठी नवं क्रियापद शोधत कोण बसणार!

निवडणुकीचं तर आणखीच निराळं. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी रन करतो, म्हणजे धावतो. इंग्लंडमध्ये तोच उमेदवार स्टँड करतो, म्हणजे उभा राहतो. आणि आपल्या गावात? "यंदा सरपंचपदाला कोण उभं राहिलंय?" असंच विचारतात ना? इथे आपण इंग्लंडच्या बाजूला.

प्रत्येक ठिकाणी असं जुळतं असं नाही. रस्ता इंग्रजीत रन करतो, मराठीत तो नुसता जातो. ताप अंगात असतो, इंग्रज मात्र "रनिंग अ टेम्परेचर" म्हणतो. एखादा गुण घराण्यात रन करतो, आपण म्हणतो रक्तातच आहे. बाजारात जुना मित्र अचानक भेटला तर रन इंटू, आणि स्कूटर झाडावर आदळली तरी रन इंटू. (दोन्हींत फरक आहे, पण मित्र कोण यावर अवलंबून!) बँक बुडणार अशी आवई उठली आणि सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढायला धावले, तर ती बँकेवरची रन. आणि स्टिल वॉटर्स रन डीप ही म्हण घ्या. संथ पाणी खोल असतं. आपण तीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगतो, उथळ पाण्याला खळखळाट फार. ते खोल पाण्याचं कौतुक करतात, आपण उथळ पाण्याला चिमटा काढतो.

उंदीर, कागद आणि अकरा मुलं

एखाद्या शब्दाला सहाशे अर्थ आहेत हे कुणी आणि कसं ठरवलं, हा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या डोक्यात आला असेल. आलाच पाहिजे.

ऑक्सफर्डच्या कोशाची कल्पना १८५७ मध्ये लंडनच्या एका विद्वत्सभेत निघाली. पण काम खऱ्या अर्थाने मार्गी लावलं जेम्स मरे यांनी. मरे हे स्कॉटलंडमधल्या एका खेड्यातल्या शिंप्याचा मुलगा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. बाकी सगळं, कितीतरी भाषांसकट, ते स्वतःच्या हिमतीवर शिकले आणि शाळामास्तर झाले. १८७९ साली त्यांच्याकडे संपादकपद आलं. त्याबरोबर आधी जमलेले कागदही आले, पोत्यांत भरून, सुमारे दोन टन! एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला आणि दुसऱ्यात एक उंदरीण पिलांसह सुखाने राहत होती.

कागद कसले? तर चिठ्ठ्या. इंग्रजी वाचणाऱ्या सामान्य लोकांना आवाहन केलं होतं की पुस्तक वाचताना एखाद्या शब्दाचा लक्षात घेण्यासारखा वापर दिसला, तर एका चिठ्ठीवर तो शब्द, ते पूर्ण वाक्य, पुस्तकाचं नाव आणि साल लिहून आमच्याकडे पाठवा. लोकांनी पाठवल्या. किती? अंदाजे पन्नास लाख! मरे यांच्या घरी इतकं टपाल यायचं की ऑक्सफर्डला त्यांच्या दारासमोर टपालखात्याने खास लाल पेटी बसवली.

घराच्या आवारात पत्र्याची एक खोली होती. तिच्यात हजारावर खण. मरे यांना अकरा मुलं. ती मुलं काय करायची? तर चिठ्ठ्या अक्षरांच्या क्रमाने लावायची आणि त्याबद्दल खाऊला पैसे मिळवायची. म्हणजे जगातल्या एवढ्या मोठ्या कोशाच्या पायाभरणीत तुमच्याएवढ्या मुलांचे हात लागलेले आहेत.

नंतर खरं काम. समजा रनच्या हजारो चिठ्ठ्या समोर आहेत. संपादक एकेक वाक्य वाचतो. नदीची वाक्यं एका ढिगात, घोड्याची दुसऱ्या, दुकानाची तिसऱ्या. एखादी चिठ्ठी कुठल्याच ढिगात बसेना, तर तिच्यासाठी नवा ढीग. शेवटी जितके ढीग, तितके अर्थ. म्हणजे अर्थ कुणा पंडिताने खुर्चीत बसून ठरवले नाहीत. माणसांनी शब्द जसा वापरला, तसे ते ढिगांतून वर आले. त्यामुळे दुसरा संपादक बसला तर चार ढीग कमी किंवा जास्त होतील. ६४५ हा आकडा दगडावरची रेघ समजू नका.

हे सगळं दहा वर्षांत उरकेल असा अंदाज होता. पाच वर्षं झाली तेव्हा गाडी ए या पहिल्याच अक्षरात, अँट म्हणजे मुंगीपर्यंत आली होती. मुंगीच्याच पावलांनी! मरे १९१५ मध्ये वारले. कोश पुरा झाला १९२८ साली.

योगायोग म्हणा, ज्या १८५७ साली लंडनमध्ये ही कल्पना निघाली, त्याच साली मुंबईत मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती छापून झाली. जेम्स मोल्सवर्थ हे लष्करातले अधिकारी. इथल्या शास्त्री-पंडितांना हाताशी धरून त्यांनी मराठी शब्द गोळा केले. चाकाची धाव आणि मोटेची धाव त्या कोशात भेटतात. हा कोश आजही छापला जातो. मोठ्या वाचनालयात गेलात तर मागून बघा.

आमच्याकडे लागणे आहे!

आता कुणी म्हणेल, "बापरे, एका शब्दाला एवढे अर्थ? इंग्रज मुलं लक्षात तरी कशी ठेवतात?"

तुम्ही ठेवता तशीच! पटत नाही? मग हे वाचा.

मला भूक लागली. पायाला ठेच लागली. चिंच आंबट लागली. निकाल लागला. दादाला नोकरी लागली. गवताला आग लागली. बाळाला दृष्ट लागली. कुलूप लागलं. फोन लागला. झाडाला आंबे लागले. पुण्याला जायला चार तास लागतात. मुंबईहून गोव्याला जाताना वाटेत पेण लागतं. तो माझा मामा लागतो. बाळ रडू लागलं. मला जावं लागलं. त्याचं बोलणं मनाला लागलं. अभ्यासात मन लागत नाही. थेटरात नवा सिनेमा लागला.

यांतल्या एकाही वाक्याला तुम्ही अडलात का? भूक "लागली" म्हणून कुणी मलम शोधलं का? मामा "लागतो" म्हणून कुणी अंग चोरलं का? नाही ना!

गाडी लागली, एवढंच म्हटलं तर? फलाटावर उभे असाल तर गाडी येऊन उभी राहिली. घाटातल्या वळणावर असाल तर पटकन खिडकी उघडा, कुणाला तरी उलटी होणार आहे. आणि डोळ्याचं तर बघाच. आजोबांचा डोळा लागला, म्हणजे आजोबा झोपले. आजोबांचे डोळे वाटेकडे लागले, म्हणजे आजोबा जागे आहेत, नातवंडांची वाट बघताहेत. एक डोळा लागला तर झोप, दोन लागले तर जागरण! हे एखाद्या परदेशी माणसाला समजावून बघा. तो मराठी शिकायचं सोडून देईल.

तुम्हांला हे कुणी शिकवलं? कुणीच नाही. तुम्ही दोन-अडीच वर्षांचे असताना "भूक लागली" ऐकलंत, "लागलं का रे बाळा?" ऐकलंत, आणि शब्दाच्या शेजारी कोण बसलंय ते बघून अर्थ ओळखायची सवय आपोआप लागली (पाहिलंत, पुन्हा आलंच ते!). भूक शेजारी असली तर एक, ठेच असली तर दुसरा.

रनलाही हीच युक्ती चालते. शेजारी कोण आहे ते आधी बघायचं. शेजारी पाणी, नाक, रंग, नळ, तर वाहणे. शेजारी दुकान, शाळा, कंपनी, संस्था, तर चालवणे. यंत्र, बस, प्रोग्रॅम, तर चालणे. मागे आउट ऑफ, तर संपणे. मागे ओव्हर आणि पुढे रस्ता, तर कुणीतरी गाडीखाली आलं, म्हणजे प्रसंग गंभीर. एवढ्याने ६४५ पैकी सगळे येणार नाहीत. पण परीक्षेतल्या उताऱ्यात आणि वर्तमानपत्रात जे भेटतात, त्यांतले पुष्कळसे येतील.

पालकांना एक विनंती. मुलांसाठी खिशात मावणारा शब्दकोश घेता, त्यात बहुतेक वेळा रनपुढे दोन-तीनच अर्थ असतात. जागाच तेवढी असते, त्याला इलाज नाही. पण पाचवी-सहावीच्या पुढे जरा जाड कोश घरात असावा, जुन्या बाजारातला चालेल. प्रत्येक अर्थापुढे उदाहरणाचं वाक्य आहे ना, एवढं मात्र उघडून बघून घ्या. वाक्याशिवाय नुसता अर्थ म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. आणि मुलाने हॉटेल धाववलं, तर हसा, हसू येतंच. पण हसून झाल्यावर "आपलं दुकान चालतं ना, तसंच त्यांचं धावतं" हे तेवढं सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

मुलांनो, सुट्टीत एक खेळ करून बघा. पाठकोऱ्या कागदांच्या तळहाताएवढ्या चिठ्ठ्या कापा. चार-पाच जणं मिळून आठवडाभर जिथे दिसेल तिथून रन जमवा, पाठ्यपुस्तकातून, इंग्रजी वर्तमानपत्रातून, बिस्किटांच्या पुड्यावरून, टीव्हीवरच्या सामन्यातून. प्रत्येक चिठ्ठीवर पूर्ण वाक्य आणि ते कुठे सापडलं ते लिहायचं. रविवारी सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरा आणि ढीग लावा. कुठली चिठ्ठी कुठल्या ढिगात यावरून भांडण होणार हे नक्की. होऊ द्या, पत्र्याच्या त्या खोलीतही होत असणार. इंग्रजीचा कंटाळा असेल त्यांनी लागणेच्या चिठ्ठ्या कराव्यात. त्यांचे ढीग जास्त होतील अशी मला शंका आहे. पंखा मात्र आधी बंद करा, आणि एखाद्या पिशवीत उंदीर निघालाच तर आईला हाक मारा.